आधी उष्णतेचा हिशेब

कारखान्यांच्या कार्बन उत्सर्जनाची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा विजेपासून सुरू होते आणि झाडांपाशी येऊन थांबते. छतावर सौर पॅनेल बसवावीत, आवारात रोपे लावावीत, कार्यालयातले दिवे बदलावेत, असे उपाय सुचवले जातात. यातले काहीच वाईट नाही, पण उद्योगांच्या उत्सर्जनाचे मूळ इथे नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे जगभरच्या उद्योगांना जी ऊर्जा लागते, तिच्यातला सुमारे दोन तृतीयांश वाटा उष्णतेचा असतो. कापड रंगवायला गरम पाणी लागते, दूध निर्जंतुक करायला वाफ लागते, लोखंड वितळवायला आणि चुनखडी भाजायला भट्टी लागते. ही उष्णता आजही मुख्यतः कोळसा, कोक, फर्नेस ऑइल आणि नैसर्गिक वायू जाळून मिळवली जाते. म्हणून उद्योगाचा कार्बन कमी करायचा तर तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. उष्णता किती अंशांची लागते? ती कशातून येते? आणि वापरून झाल्यावर जाते कुठे? हे प्रश्न बाजूला ठेवून केलेले उपाय कितीही चांगल्या हेतूने केलेले असले, तरी ते मूळ दुखण्याला हात घालत नाहीत, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे.

झाडांचा मुद्दा आधीच निकालात काढलेला बरा, कारण त्याचा मोह फार मोठा आहे. दिवसाला १० टन कोळसा जाळणारा एक मध्यम आकाराचा बॉयलर घेऊ. कोळशातल्या कार्बनच्या १२ भारांना हवेतल्या ऑक्सिजनचे ३२ भार चिकटून ४४ भार कार्बन डायऑक्साइड होतो. त्यामुळे भरपूर राख असलेला आपला देशी कोळसासुद्धा टनाला सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड देतो. वर्षातले ३०० दिवस बॉयलर चालला तर हे उत्सर्जन ४,५०० टनांवर जाते. वाढलेले एक झाड वर्षाला साधारण २० किलो कार्बन डायऑक्साइड शोषते असे ढोबळ गणित धरले, तरी या एका बॉयलरसाठी सव्वादोन लाख झाडे लागतील. दहा बाय दहा फुटांवर दाट लागवड केली, तरी त्यांना पाचशे एकरांहून अधिक जमीन हवी. ती झाडे जगायला हवीत, वाढायला हवीत आणि कधीच जळता कामा नयेत. कोळसा मात्र आजच जळलेला असतो. झाडे सावलीसाठी, मातीसाठी, पाखरांसाठी अवश्य लावावीत. बॉयलरच्या धुराची भरपाई म्हणून त्यांच्याकडे पाहणे हिशेबात बसत नाही.

आता त्याच बॉयलरपाशी थांबू. इचलकरंजीसारख्या शहरातल्या कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलर सात-आठ किलो दाबाची, म्हणजे १७० अंशांच्या पुढची वाफ तयार करतो. सुती कापडाच्या रंगाईला अनेकदा ६० ते ८० अंशांचे पाणीच हवे असते, तर पॉलिस्टरला १३० अंशांपर्यंत जावे लागते. वाफ नळ्यांमधून मशीनपर्यंत जाते, आपली उष्णता देते आणि पुन्हा पाणी होते. या पाण्याला कंडेन्सेट म्हणतात. ते ८०-९० अंशांचे, शुद्ध आणि क्षाररहित असते. ते गटारात सोडून बॉयलरला ३० अंशांचे ताजे पाणी देणे म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली उष्णता फेकून देणे होय. ऊर्जा लेखापरीक्षक एक साधा ठोकताळा वापरतात. बॉयलरला जाणाऱ्या पाण्याचे तापमान ६ अंशांनी वाढले की इंधन सुमारे १ टक्क्याने वाचते. ३० अंशांच्या जागी ९० अंशांचे पाणी दिले तर ही बचत १० टक्क्यांच्या घरात जाते. आपल्या उदाहरणातल्या बॉयलरसाठी हा आकडा रोज एक टन कोळशाचा आहे. दुसरा ठोकताळा चिमणीचा. धुराचे तापमान २२ अंशांनी खाली आणले की बॉयलरची कार्यक्षमता सुमारे १ टक्क्याने वाढते, कारण ती उष्णता आकाशात न जाता पाण्यात उतरते. त्यातच वेष्टण निघालेल्या नळ्या, बिघडून सतत उघडे राहिलेले स्टीम ट्रॅप (नळ्यांतले पाणी बाहेर सोडून वाफ अडवणाऱ्या झडपा) आणि भट्टीत गरजेपेक्षा जास्त सोडलेली हवा यांचा विचार केला, तर अनेक जुन्या कारखान्यांत नवे तंत्रज्ञान न आणताही इंधनाचा मोठा हिस्सा वाचू शकतो हे लक्षात येते.

विजेच्या बाजूलाही असेच आहे. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी दहा-पंधरा टक्केच दाबाच्या हवेच्या रूपाने प्रत्यक्ष कामाला येते, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. त्या महागड्या हवेपैकीही अनेकदा वीस-तीस टक्के हवा सांध्यांतून आणि फाटक्या नळ्यांतून गळत असते. पंख्यांचे गणित तर विलक्षण आहे. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हवा २० टक्के कमी हवी असेल आणि त्यासाठी झडप अर्धवट बंद करण्याऐवजी मोटरचा वेगच २० टक्क्यांनी उतरवला, तर तत्त्वतः वीज जवळपास निम्म्यावर येते. वेग नियंत्रित करणारे ड्राइव्ह आता बाजारात सर्रास मिळतात.

इथे एक रास्त शंका येते. बचत इतकी सहज आणि फायद्याची असेल, तर कारखानदारांनी ती आधीच केली नसती का? पैशांचे गणित त्यांना कोणी शिकवायला नको. पण या शंकेत एक गृहीतक दडलेले आहे. कारखानदाराला गळती दिसते, असे ते मानते. अनेक लहान कारखान्यांत बॉयलरवर वाफेचे मीटर नसते. कोळशाचे बिल महिन्याला एकत्र येते आणि कोणत्या मशीनने किती वाफ घेतली याचा पत्ता कोणालाच नसतो. बॉयलर चालवणाऱ्याची जबाबदारी दाब टिकवण्याची असते, इंधन वाचवण्याची नसते. मजुरीवर काम करणाऱ्या प्रोसेस हाऊसचा मालक हाती आलेले पैसे नव्या मशीनमध्ये घालतो, कारण त्यातून उत्पादन वाढते. नळ्यांच्या वेष्टणातून उत्पादन वाढत नाही, फक्त खर्च घटतो, आणि बँकेलाही अशा कामासाठी कर्ज द्यायची सवय नसते. अडथळा आहे तो इथे, आणि तो दूर करायला मीटर, मापन आणि स्वस्त कर्ज लागते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०२५ मध्ये लघु व मध्यम उद्योगांसाठी सुरू केलेली ‘अदिती’ या नावाची योजना नेमकी या दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. तिच्यात ऊर्जा लेखापरीक्षणाला मदत आणि कर्जाच्या व्याजात सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत आहे. मोठ्या उद्योगांचा पुरावा तर आपल्यासमोर आहेच. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २०१२ ते २०१५ या काळात ‘पॅट’ योजनेचे पहिले चक्र झाले. आठ क्षेत्रांतल्या ४७८ कारखान्यांना ऊर्जावापर कमी करण्याचे उद्दिष्ट दिले गेले. एकूण उद्दिष्ट सुमारे ६७ लाख टन तेलाएवढ्या ऊर्जेचे होते. प्रत्यक्ष बचत ८६ लाख टनांच्या पुढे गेली आणि ३ कोटी १० लाख टन कार्बन डायऑक्साइड टळला. ज्यांनी गळती आधीच बंद केली आहे असे मानले जात होते, त्यांच्याकडेही एवढी शिल्लक निघाली.

दुसरी शंका अधिक खोल आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच दाखवून दिले होते की वाफेची इंजिने कार्यक्षम झाली म्हणून ब्रिटनचा कोळसा वाचला नाही, उलट इंजिने स्वस्त पडू लागल्याने त्यांचा वापर वाढला आणि कोळसा जास्त जळू लागला. आपल्याकडेही उत्पादन वाढते आहे, त्यामुळे नगामागे इंधन कमी झाले तरी एकूण धूर वाढू शकतो. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो उडवून लावता येत नाही. मात्र कार्यक्षमता निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ नाही. ती एकटी पुरेशी नाही, एवढाच त्याचा अर्थ. बचत ही पहिली पायरी यासाठी, की पुढची पायरी, म्हणजे उष्णतेचा स्रोतच बदलणे, तिच्यामुळे आवाक्यात येते. १० टन कोळशाची जागा स्वच्छ ऊर्जेने भरून काढण्यापेक्षा ७ टनांची जागा भरून काढणे लहान यंत्रात आणि कमी भांडवलात होते.

स्रोत बदलताना ‘सगळे विजेवर न्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो जसाच्या तसा घेतला तर घात होईल. भारतात वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता २०२५ मध्ये बिगर जीवाश्म स्रोतांची झाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक आहे. सूर्य रात्री नसतो, वारा सदा वाहत नाही, आणि प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा बहुतांश भाग अजून कोळशातूनच येतो. म्हणून ग्रिडमधून घेतलेल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. एक युनिट एवढी उष्णता पंचाहत्तर टक्के कार्यक्षमतेच्या कोळशाच्या बॉयलरमधून घेतली तर सुमारे ०.४५ किलो सुटतो. म्हणजे कोळशाचा बॉयलर काढून ग्रिडवर चालणारा साधा विद्युत बॉयलर बसवला, तर उत्सर्जन वाढते! पण उष्मा पंप बसवला तर चित्र पालटते. उष्मा पंप विजेपासून उष्णता तयार करत नाही. तो हवेतली, पाण्यातली किंवा सांडपाण्यातली कमी तापमानाची उष्णता उचलून जास्त तापमानाला नेऊन ठेवतो. फ्रिज जे काम आतून बाहेर करतो तेच हे काम. एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता मिळाली, तर उष्णतेच्या दर युनिटमागे उत्सर्जन पाव किलोच्या आत येते, म्हणजे कोळशाच्या जवळपास निम्मे. आणि ग्रिड जसजशी स्वच्छ होत जाईल, तसतसे ते आपोआप आणखी उतरेल. अट एकच आहे. हे गणित ८०-९० अंशांपर्यंत उत्तम जमते, त्यापुढे अवघड होत जाते. म्हणूनच तापमानाचा प्रश्न पहिला विचारायचा. रंगाईचे गरम पाणी, दुग्धालयातली धुलाई, खाद्यपदार्थ आणि औषधांच्या कारखान्यांतले सुकवण हे सगळे या टप्प्यात येते. लातूरच्या महानंद दुग्धालयात दोन दशकांपूर्वीच ‘अरुण’ नावाची १६० चौरस मीटरची सौर तबकडी बसवून दूध पाश्चरीकरणासाठी उष्णता मिळवली गेली होती. पाश्चरीकरणाला दूध ७२ अंशांवर पंधरा सेकंद ठेवावे लागते. एवढ्या कामासाठी हजार अंशांची ज्वाळा पेटवायची गरज नाही, हे त्या प्रयोगाने दाखवले.

साखर कारखान्यांची गोष्ट थोडी वेगळी आणि महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याची. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो ओला बगॅस उरतो. उसाने हवेतूनच घेतलेला हा कार्बन आहे, त्यामुळे तो जाळण्याने वातावरणात नवी भर पडत नाही, असे मानले जाते. जुने कारखाने कमी दाबाच्या बॉयलरमध्ये बगॅस अक्षरशः संपवून टाकत, कारण तो साठवण्याची अडचण होती. उच्च दाबाचे बॉयलर आणि टर्बाइन आल्यावर त्याच बगॅसमधून साखरेसाठी वाफ आणि ग्रिडसाठी वीज दोन्ही मिळू लागले. दाब वाढवणे, आधी वीज काढणे आणि उरलेल्या वाफेने रस आटवणे, ही उष्णता टप्प्याटप्प्याने वापरण्याची शिस्त आहे आणि तिथून इतर उद्योगांनी बरेच शिकण्यासारखे आहे. मात्र बगॅस, सोयाबीनचे कुटार, तुरीच्या तुराट्या यांवर सगळे बॉयलर चालतील अशी आशा धरू नये. हा माल मर्यादित आहे, विखुरलेला आहे, गुरांच्या वैरणीला आणि शेतातल्या मातीलाही त्यातला वाटा हवा असतो.

कोल्हापूरच्या ओतकाम उद्योगात हा स्रोताचा प्रश्न फार स्पष्ट दिसतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फाउंड्रींमधून निघालेले बिडाचे सुटे भाग देशभरच्या वाहन आणि पंप उद्योगाला जातात. जुनी पद्धत कुपोला भट्टीची. त्यात एक टन लोखंड वितळवायला सव्वाशे-दीडशे किलो कोक जळतो आणि साडेतीनशे ते साडेचारशे किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. नवी पद्धत इंडक्शन फर्नेसची. तिला टनाला सुमारे ६०० युनिट वीज लागते. ती वीज ग्रिडची असेल तर ६०० गुणिले ०.७, म्हणजे ४२० किलो. आकडे जवळजवळ बरोबरीचे आहेत. धूर कोल्हापुरात न निघता चंद्रपुरात किंवा कोराडीत निघतो, एवढाच फरक. फाउंड्रीतल्या कामगाराच्या फुप्फुसांसाठी हा फरक मोठा आहे आणि तेवढ्यासाठीही बदल करावा. पण वातावरणाच्या दृष्टीने खरा बदल त्यापुढच्या पावलात आहे. कुपोला सौर विजेवर चालू शकत नाही, इंडक्शन फर्नेस चालू शकते. ६०० पैकी ३६० युनिट सूर्याकडून आली तर टनामागचे उत्सर्जन १७० किलोच्या आसपास येते.

यात कामाच्या वेळेचाही प्रश्न आहे, आणि त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. वर्षानुवर्षे रात्रीची वीज स्वस्त असायची, कारण औष्णिक केंद्रे रात्री बंद करता येत नसत आणि मागणी कमी असे. म्हणून अनेक फाउंड्री रात्रपाळीत धातू वितळवत आल्या. आता स्वस्त आणि स्वच्छ वीज दुपारची आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असायला हवा, आणि तो १० किलोवॉटहून अधिक मागणीच्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून लागू करायचा होता. २०२२ च्या हरित ऊर्जा खुल्या प्रवेशाच्या नियमांनी बाहेरच्या प्रकल्पातून हरित वीज घेण्याची किमान मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. लहान फाउंड्रीला एकटीने हे जमत नसेल, तर चार-सहा जणांनी मिळून करता येते. सहकाराची परंपरा असलेल्या पश्चिम महाराष्ट्राला हे सांगायची गरज पडू नये. वितळण दुपारी आणि साचे बनवणे, सफाई, तपासणी इतर वेळी, अशी पाळ्यांची फेरमांडणी केली तर नवे यंत्र न घेताही कार्बन उतरतो. रात्री घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांच्या झोपेलाही न्याय मिळतो.

आतापर्यंतचे उद्योग इंधन बदलून सुटू शकतात. सिमेंट सुटत नाही, आणि म्हणून त्याच्यापाशी अधिक वेळ थांबायला हवे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूर, आवारपूर, उप्परवाही, घुग्घुस या भागात मोठे सिमेंट कारखाने उभे राहिले ते जमिनीखालच्या चुनखडीमुळे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत तापवली की १०० किलोतून ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भट्टी कोळशावर चालवा, सौर विजेवर चालवा, हायड्रोजनवर चालवा, हे ४४ किलो सुटणारच, कारण ते इंधनातून येत नाहीत, दगडातून येतात. पुढे हा चुना मातीतल्या सिलिका व अॅल्युमिनासह सुमारे १४५० अंशांवर भाजून क्लिंकर बनतो. एक टन क्लिंकरमागे ढोबळमानाने साडेआठशे किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्यातला सव्वापाचशे किलोच्या आसपास दगडातला. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांचा आहे. सिमेंट उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. विशेष म्हणजे भारतीय सिमेंट भट्ट्या इंधन वापरण्याच्या बाबतीत जगातल्या चांगल्या भट्ट्यांमध्ये गणल्या जातात. बाहेर जाणाऱ्या धुराच्या उष्णतेवर आत येणारी चुनखडी पाच-सहा टप्प्यांत तापवली जाते, त्यातून उरलेल्या उष्णतेवर वीज तयार केली जाते. गळती बंद करण्याचे काम इथे बरेचसे होऊन गेले आहे. आता उरले आहे ते रसायन.

रसायनाला बगल देण्याचा मार्ग एकच, क्लिंकर कमी वापरणे. सिमेंट म्हणजे शंभर टक्के क्लिंकर असलाच पाहिजे असे नाही. औष्णिक केंद्रातली राख आणि पोलाद कारखान्यातली झोतभट्टीची मळी बारीक करून मिसळली, तर चुन्याबरोबर त्यांचीही रासायनिक क्रिया होऊन ताकद मिळते. भारतीय मानकांप्रमाणे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख आणि स्लॅग सिमेंटमध्ये ७० टक्क्यांपर्यंत मळी चालते. बांधकामावरचे अनेक ठेकेदार आणि काही अभियंतेही राखेच्या सिमेंटला हलके समजतात. या समजाला एक खरे कारण आहे. त्याला ताकद सावकाश येते, त्यामुळे सेंट्रिंग घाईने काढता येत नाही आणि पाणी मारण्यात कुचराई चालत नाही. पण ते अखेरीस कमकुवत नसते. उलट कोकणच्या खाऱ्या हवेत, जिथे क्षार आत शिरून सळ्या गंजतात, तिथे राखेचे किंवा मळीचे सिमेंट अधिक टिकाऊ ठरते, कारण त्याची वीण घट्ट असते. पुलाच्या पूर्वताणित भागांसारख्या काही कामांना लवकर ताकद हवी असते, तिथे साधे पोर्टलँड सिमेंट ठीक. घराच्या गिलाव्याला आणि विटांच्या बांधणीला तेच वापरणे ही निव्वळ सवय आहे, आणि या सवयीची किंमत वातावरण मोजते.

यावर असेही विचारले जाते की उद्या औष्णिक केंद्रे आणि झोतभट्ट्या कमी झाल्या तर राख आणि मळी कुठून आणायची? आज देशात वर्षाला तीस कोटी टनांहून अधिक राख निघते, त्यामुळे काही वर्षे ही चिंता नाही. तरी उत्तर तयार आहे. स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या संस्थेत कॅरेन स्क्रिव्हनर यांच्या पुढाकाराने, क्यूबातल्या आणि दिल्ली व मद्रास आयआयटीतल्या संशोधकांच्या साथीने एक सिमेंट विकसित झाले. त्यात निम्मा क्लिंकर, तीस टक्के भाजलेली केओलिनयुक्त माती, पंधरा टक्के न भाजलेली चुनखडी आणि पाच टक्के जिप्सम असते. ही माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की पुरते आणि भाजताना तिच्यातून कार्बन डायऑक्साइड नव्हे, पाण्याची वाफ निघते. उत्सर्जन तीस ते चाळीस टक्क्यांनी उतरते. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये या सिमेंटसाठी स्वतंत्र मानक, आयएस १८१८९, जाहीर केले. मानक आले म्हणजे सरकारी निविदांत त्याला दार उघडले, निदान उघडता येते. रस्ते, पूल, धरणे, घरकुले यांमुळे सिमेंटचा एक फार मोठा ग्राहक सरकारच आहे. त्याने आपल्या दरसूचीत या सिमेंटला जागा दिली, तर कारखानदारांना वेगळी विनवणी करावी लागणार नाही. दगडातून सुटणारा उरलेला वायू पकडून जमिनीखाली गाडणे हा शेवटचा उपाय. नॉर्वेत ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये तो सुरू झाला, वर्षाला चार लाख टन, म्हणजे त्या कारखान्याच्या उत्सर्जनाच्या निम्म्याएवढा वायू पकडण्याच्या क्षमतेचा. त्यामागे नॉर्वे सरकारचा मोठा पैसा आहे. आपण आधी क्लिंकर कमी करावा, मगच त्या वाटेला जावे.

पोलादाचे दोन जगांत विभाजन होते. जालन्याच्या भट्ट्या भंगार वितळवून सळ्या करतात, तिथले गणित कोल्हापूरच्या फाउंड्रीसारखेच, म्हणजे विजेचे. खनिजापासून लोखंड काढताना मात्र कोळसा दोन कामे करतो. तो उष्णता देतो आणि खनिजातला ऑक्सिजनही ओढून घेतो. हे दुसरे काम साधी वीज करू शकत नाही, हायड्रोजन करू शकतो. स्वीडनमधल्या हायब्रिट प्रकल्पाने २०२१ मध्ये असे पोलाद बनवून दाखवले. पण एक टन पोलादाला पन्नास-पंचावन्न किलो हायड्रोजन लागतो आणि तो पाण्यापासून मिळवायला जवळपास तीन हजार युनिट वीज जाते. आज ते महाग आहे. म्हणून मधला मार्ग महत्त्वाचा ठरतो. रायगड जिल्ह्यात डोलवीला नैसर्गिक वायूने खनिजातला ऑक्सिजन काढण्याची पद्धत तीसेक वर्षे चालू आहे. अशा भट्टीत वायूच्या जागी थोडाथोडा हायड्रोजन मिसळत नेता येतो, झोतभट्टीत ती मुभा फारच थोडी असते.

इथेच सर्वांत वजनदार आक्षेपाला तोंड द्यावे लागते. हवेत आज साठलेला कार्बन मुख्यतः युरोप-अमेरिकेने सोडला, भारतातले दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, मग आपल्या उद्योगांनी का सोसावे? न्यायाच्या दृष्टीने हे म्हणणे बरोबर आहे आणि आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत ते ठामपणे मांडले पाहिजे. पैसा आणि तंत्रज्ञान कोणी द्यायचे, हे त्यावरून ठरावे. पण कंडेन्सेट परत आणणे किंवा राखेचे सिमेंट वापरणे यात सोसण्यासारखे काहीच नाही. जिथे खरोखर खर्च आहे, तिथे प्रश्न वेळेचा आहे. राष्ट्रीय पोलाद धोरणाने २०३०-३१ पर्यंत ३० कोटी टन क्षमतेचे लक्ष्य ठेवले आहे. म्हणजे आपली मोठी क्षमता अजून उभारायची आहे. सूरजागडच्या लोहखनिजावर गडचिरोलीत पोलाद उद्योग आज आकार घेतो आहे. पोलाद कारखाना चाळीसेक वर्षे चालतो, म्हणजे आज निवडलेली भट्टी २०६५ मध्येही धगधगत असेल आणि २०७० हे आपणच जाहीर केलेले शून्य उत्सर्जनाचे वर्ष आहे. युरोपने जुन्या कारखान्यांची डागडुजी करत बसायची, आणि आपण नव्याने उभारतानाही जुनेच उभारायचे, यात आपल्याच उद्योगाचे नुकसान आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट, खत यांच्यावर त्यांच्यातल्या कार्बनच्या हिशेबाने शुल्क लावायला सुरुवात केली. या शुल्काला भारताचा विरोध रास्त आहे, तरी निर्यातदाराला आकडा द्यावाच लागतो. देशातही पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. एक टन तयार पोलादामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच ते हरित, आणि १.६ टनांच्या खाली गेले तर पंचतारांकित.

या सगळ्याला आता कायद्याची चौकट मिळते आहे. २०२२ ची ऊर्जा संवर्धन कायद्यातली दुरुस्ती, २०२३ ची कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये सिमेंट, अॅल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांना दिलेली उत्सर्जन तीव्रतेची उद्दिष्टे. ‘पॅट’च्या अनुभवातून एक धडा घ्यायला हवा. त्या योजनेत उद्दिष्टे इतकी सौम्य ठरली की बहुतेकांकडे जास्तीच्या बचतीची विकण्याजोगी प्रमाणपत्रे उरली, घेणारे कमी आणि विकणारे जास्त झाले, भाव घसरले आणि पुढे अधिक बचत करण्याचे आर्थिक कारणच उरले नाही. नव्या बाजारात उद्दिष्टे दर काही वर्षांनी कडक होत गेली नाहीत, तर तीच गत होईल. शिवाय ही उद्दिष्टे टनामागच्या उत्सर्जनाची आहेत, एकूण उत्सर्जनाची नाहीत. वाढत्या देशासाठी आज ते योग्य आहे, पण कायम तसेच ठेवता येणार नाही.

मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांकडून उत्सर्जनाचे आकडे मागायला सुरुवात केली आहे. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केला आहे. चाकणच्या वाहन कारखान्याचा हिशेब शिरोलीच्या फाउंड्रीपर्यंत पोचल्यावाचून पुरा होत नाही. पण आकडे मागणाऱ्याने मीटरचा आणि कर्जाचा भारही उचलायला हवा. सुट्या भागाचा दर दरवर्षी घासाघीस करून खाली आणायचा आणि त्याच पुरवठादाराकडून हरित उत्पादनाची अपेक्षा करायची, हे चालणार नाही. दीर्घ मुदतीची मागणीची हमी मिळाली तर लहान उद्योजक बँकेच्या दारात ताठ मानेने उभा राहू शकतो. ज्या वाचकांच्या हाती एखादा कारखाना, त्याचा बॉयलर किंवा बांधकामाचे दरपत्रक आहे, त्यांना एवढीच विनंती आहे: येत्या महिन्यात बॉयलरवर वाफेचे आणि पाण्याचे मीटर बसवा, फाउंड्रीच्या वितळणीचे तास तपासा, आणि पुढच्या स्लॅबसाठी सिमेंट मागवताना पोत्यावर कोणता प्रकार लिहिला आहे ते वाचा.